मॉनिटरच्या पाठीवरची नावं

आमच्या शाळेत वस्तू वापरण्यासाठी नसतात, कुणाच्या तरी स्मरणार्थ असतात. बाक, घड्याळ, पाण्याची टाकी, झेंड्याचा खांब, सगळ्यांवर कुणी ना कुणी कैलासवासी बसलेले आहेत. स्टाफरूममधल्या पंख्याच्या तीन पात्यांवर एकाच मेलेल्या माणसाचं नाव, आडनाव आणि गाव अशी वाटणी करून रंगवलंय. पंखा फिरला की नाव दिसत नाही. म्हणून त्या घराण्यातलं कुणी शाळेत आलं की मुख्याध्यापक लगबगीनं उठून पंखा बंद करायचे, आणि आम्ही भर एप्रिलात घाम पुसत त्यांच्या आजोबांचं नाव वाचत बसायचो. मी संगणक शिकवायला इथं रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई, कुठं येऊन पडलीस.

शाळा कर्नाटकातल्या निपाणीची, पण मराठी माध्यमाची. तंबाखूच्या पैशावर उभी राहिलेली. संस्थेत बहुतेक सगळे वखारवाले नाहीतर वखारवाल्यांची मुलं. अध्यक्षांना सगळं गाव अण्णा म्हणतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, या अण्णांच्या वडिलांच्या वखारीत आयुष्यभर कामाला होते. पोती उचलायची, तंबाखू चाळायची, भुकटी भरायची. आईही तिथंच तंबाखू निवडायला होती. मी शिकले, बेळगावात अनगोळला भाड्याच्या खोलीत राहून डिप्लोमा केला आणि परत निपाणीला आले. अण्णांनी मुलाखतीत मला ओळखलं. तू आमच्या हमालाची मुलगी ना, असं कौतुकानं विचारलं. हे कौतुक नेमकं कुणाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

संगणक कक्षाची हकीकत अशी. संगणकाचे डबे शाळेकडं होते, मॉनिटर नव्हते. आमचा एक माजी विद्यार्थी बेंगळुरूला कुठल्याशा कंपनीत आहे. त्या कंपनीनं आपले जुने मॉनिटर मोडीत काढले, तेव्हा ते भंगारात घालण्यापेक्षा शाळेला पाठवावेत असं त्याला सुचलं. विचार चांगला होता. मॉनिटर काळे, चौकोनी, सपाट स्क्रीनच्या पहिल्या पिढीतले, पडद्यामागे बारीक ट्यूबलाइटी असलेले. कंपनीनं त्यांचा पुरता रस काढला होता, पण रोजचे दोन-तीन तास चालायला त्यांच्यात अजून दम होता. टेम्पो फाटकातून आत आला तेव्हा मला वाटलं, आता शिकवायला सुरुवात करायची. संस्थेला वाटलं, आता नावं लावायची.

फुकट आलेल्या मॉनिटरवर आपल्या वडिलांचं नाव लागावं म्हणून इमारत निधीला देणगी देणाऱ्यांची रांग लागली. आता नाव लावायचं कुठं? पुढून सगळा पडदा, चौकट जेमतेम बोटभर. पेठेतल्या पाट्या करणाऱ्यानं एक मॉनिटर उचलून पालथा केला आणि त्याचा चेहरा उजळला. मॉनिटर भिंतीला टांगता यावा म्हणून कंपन्या पाठीला स्क्रूची चार भोकं ठेवतात. ती त्याला आयतीच मिळाली. त्यानं तळहाताएवढ्या स्टीलच्या पाट्या करून त्या भोकांत पिळून टाकल्या.

पण नाव पाठीवर, आणि पाहुणे येणार दारातून. मग टेबलं फिरवली. मॉनिटरच्या पाठी दाराकडं, मुलं भिंतीला टेकून पलीकडं. मी फळ्यापाशी, म्हणजे दाराच्या बाजूला. त्यामुळे मुलांच्या पडद्यावर काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. मुलं खेळत असतील नाहीतर झोपत असतील. मी शिकवायची ते ओळीनं मांडलेल्या कैलासवासींना. ते बिचारे लक्ष देऊन ऐकत.

फक्त एका मॉनिटरला नाव नव्हतं. तो दाराआडच्या कोपऱ्यात होता. दार उघडलं की त्याच्यापुढं यायचं, आणि पाहुणे आत येतात तेव्हा दार उघडंच असतं. जिथं कुणी बघणार नाही तिथं वडिलांचं स्मरण कोण करणार?

उद्घाटनाला आई आली होती. शेवटच्या रांगेत बसली. कार्यक्रम संपल्यावर ती आत जाऊन एकेका पाटीपुढं थांबली आणि अक्षर अक्षर लावत सगळ्या वाचल्या. आमच्या बुद्धविहारात संध्याकाळी बायकांचा वर्ग चालायचा, तिथं ती उतारवयात वाचायला शिकली होती, आणि शिकलेलं वाया घालवणाऱ्यातली ती नव्हती. घरी येऊन तिनं पदर खोचला, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सगळी वखारवालीच हाईत गं. पोती उचलणारं एक बी न्हाय व्हय त्यात?"

मी म्हटलं, नाही.

"तुज्या आप्पाचं नाव तितं लागलं पायजे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात हा एकच विषय. आप्पांचा कुठं फोटोसुद्धा धड नव्हता. शाळेची जुनी इमारत बांधताना त्यांनी वखारीच्या सुट्टीच्या दिवशी फुकट दगड वाहिले होते, मालकांनी सांगितलं म्हणून. त्याची पाटी मालकांच्या नावानं पायरीवर आहे. आईचं म्हणणं साधं होतं. त्या ओळीत, त्या लोकांच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात आप्पांचं नाव असावं. मला पाट्यांचा तिटकारा, पण ही मागणी मला खोडावीशी वाटेना.

त्यानंतर तालुक्याहून एक अधिकारी तपासणीला आले. नेहमीची तपासणी, हजेरी वगैरे. संगणक कक्षाच्या दारात थांबून त्यांनी कानडीतून विचारलं की हे मागं काय लिहिलंय. मुख्याध्यापकांनी सांगितलं, देणगीदारांच्या वडिलांची नावं आहेत. ते छान म्हणाले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि जीपमध्ये बसून गेले. एवढंच घडलं.

पण आमच्याकडं पाट्यांवरून इतकी डोकी फुटलीत की पाटीबद्दल कुणी प्रश्न विचारला तरी लोकांना तो हुकूम वाटतो. त्याच दिवशी सभा बसली. एक बाजू म्हणाली, साहेबांनी काही लिहून पाठवण्याआधी पाट्यांवर कानडी घालून टाका. दुसरी बाजू टेबलावर हात आपटून म्हणाली, कानडी घाला, पण मराठीचं एक अक्षर लहान होता कामा नये. पहिली म्हणाली, मग कानडीही लहान दिसता कामा नये. माझं म्हणाल तर मी पेठेत कानडी बोलते, घरी मराठी, आणि दोन्हींत भांडता येतं. माझं कुठल्याच भाषेशी वाकडं नाही. पण वरती मराठी, खाली कानडी, दोन्हींची अक्षरं ठळक आणि सारखी, असा जो तोडगा निघाला त्याची पाटी मॉनिटरची अख्खी पाठ व्यापून बसली. सीमाभागात दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्यानं मॉनिटर मारले.

कारण मॉनिटरच्या पाठीला उगीच फटी नसतात. आतली उष्णता त्यांतून बाहेर पडते. तळहाताएवढ्या पाटीनं त्या उघड्या राहिल्या होत्या. नव्या पाटीनं त्या वरपासून खालपर्यंत बंद केल्या. हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं असं कुणी म्हणेल. त्या दिवशी मी पाट्या सरळ लागल्यात का ते बघायच्या कामावर नेमलेली होते.

पहिला गेला तो अण्णांच्या वडिलांचा. सकाळी सुरू व्हायचा, अर्ध्या तासानं डोळे मिचकावल्यासारखं करायचा आणि पडदा काळा. खालचा हिरवा दिवा मात्र चालूच. टॉर्च जवळ धरला तर काळ्या पडद्यावर अक्षरं पुसट दिसायची, म्हणजे चित्र होतं, मागचा उजेड गेला होता. बंद करून ठेवला, गार झाला, की पुन्हा चालू. मग दुसरा, मग त्याच्या शेजारचा. एक गुणगुणायला लागला. एकाचा पडदा गुलाबी पडला आणि तसाच राहिला. एक सारखा चालू-बंद, चालू-बंद व्हायचा, त्याच्यापुढं बसलेल्या मुलींचं डोकं दुखायचं. मुलं बाजूनं चापट मारून बघायची. मुली वहीनं वारा घालायच्या, आणि वारा घातला की तो थोडा जास्त चालतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. संस्थेच्या लक्षात यायला अवकाश होता.

संस्थेनं विचार सुरू केला. मुख्याध्यापक म्हणाले, व्होल्टेज. स्टॅबिलायझर आला, त्यावरही एक छोटी पाटी आली. विज्ञानाचे सर म्हणाले, निपाणीच्या हवेत तंबाखूची धूळ आहे, ती आत जाते. मग प्लास्टिकची कव्हरं शिवून आणली. घाईत मुलं ती अर्धवट काढून मॉनिटर चालू करायची, म्हणजे आधीच कोंडलेल्याला वरून गोधडी. एक सभासद म्हणाले, खोलीचं तोंड दक्षिणेला आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते मी पगार घेऊन बघत होते.

खंडेनवमीला तर कहर झाला. इथं कर्नाटकात त्या दिवशी यंत्रांची पूजा जोरात असते, रिक्षापासून गिरणीपर्यंत. मॉनिटर सारखे बिघडतायत म्हणून यंदा ती जास्तच मनोभावे करायची ठरली. केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला, प्रत्येक पाटीला हळदकुंकू लावलं आणि प्रत्येक मॉनिटरच्या डोक्यावरून झेंडूचा ओलाचिंब हार सोडला. आमच्या घरी ही पूजा नसते. मी मागं उभी राहून जमतील तेवढे प्लग काढले. एक राहिला. हाराचं पाणी वरच्या सांध्यातून आत गेलं, फट्कन आवाज झाला, आणि तो मॉनिटर पूजा चालू असतानाच गेला. पुण्यवान होता, असं एकजण हळूच म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

दुरुस्तीला चिकोडी रोडचा एक कारागीर यायचा. तो काही न बघता पहिल्यांदा 'बोर्ड गेला' म्हणायचा. मॉनिटर दुकानात न्यायचा. तिथं उघडायला पाटी आड येते म्हणून पाटी काढायचा, आत काहीतरी डाग द्यायचा आणि पाठ उघडीच ठेवून दिवसभर चालवून बघायचा. चालायचा. मग फडक्यानं पाटी लख्ख पुसायची, चारी स्क्रू घट्ट पिळायचे आणि शाळेत आणून द्यायचा. शाळेत तो पुन्हा बंद पडायचा. माझ्या दुकानात चालत होता, तुमच्या शाळेतच काहीतरी आहे, असं तो गंभीरपणे सांगायचा. होतंच काहीतरी, आणि ते तो स्वतःच्या हातानं बसवून जात होता. पण एक गोष्ट इथं चालते आणि तिथं का चालत नाही असा प्रश्न पडायला डोकं रिकामं असून चालत नाही.

शेवटी मी एक मॉनिटर घरी नेऊन उघडला. विजेच्या कार्डावर कपॅसिटर नावाच्या लहान लहान डब्या असतात, बोटाच्या पेराएवढ्या. उष्णता फार झाली की त्या डोक्याकडून फुगतात आणि आतला रस बाहेर येतो. या मॉनिटरमधल्या जवळजवळ सगळ्या फुगल्या होत्या. डोकं वर काढून बसल्या होत्या. कार्डाची पाटीकडची बाजू करपून तपकिरी झाली होती. मला एकदम ती दाराआडची जागा आठवली. तिथला मॉनिटर एकदाही बिघडला नव्हता. त्याच टेम्पोतून आलेला, त्याच कंपनीत झिजलेला, त्याच व्होल्टेजवर, त्याच तंबाखूच्या हवेत आणि त्याच दक्षिणेला तोंड असलेल्या खोलीत बसलेला. फरक एवढाच की त्याच्या पाठीवर कुणी मेलेलं नव्हतं.

पुढच्या सभेत मी हे शांतपणे मांडलं. फुगलेला कपॅसिटर बशीत ठेवून सगळ्यांना दाखवला. पाट्या काढा, भिंतीवर लावा, पाहिजे तर दुप्पट मोठ्या करा, पण मॉनिटरची पाठ मोकळी सोडा, एवढंच माझं म्हणणं. बशी हातोहात फिरून माझ्याकडं परत आली. मग अण्णा खुर्चीत मागं टेकले.

"तुमच्या घरचं नाव त्यात असतं, तर असं बोलला असता काय, बाई?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मुख्याध्यापकांना अचानक एक फोन आठवला. मला संताप आला. तो आजही तसाच आहे, आणि तो निवावा अशी माझी इच्छा नाही. मी कपॅसिटरचं बोलत होते आणि या माणसाला त्यात हमालाच्या मुलीची जळजळ दिसली. नाव मोठं लक्षण खोटं, ही म्हण मी त्या क्षणी मनात म्हटली. तोंडावर म्हणायला हवी होती.

हे मी घरी सांगितलं नाही. पण आईची तिकडं वेगळीच खटपट चालली होती. ती मला न विचारता अण्णांच्या वखारीवर गेली, ज्या पायरीशी पगाराला उभी राहायची त्याच पायरीशी उभी राहिली आणि आप्पांच्या नावाचं बोलली. याआधी तिला 'बघू', 'जागा नाही' अशीच उत्तरं मिळाली होती. या वेळी अण्णा लगेच हो म्हणाले. दाराआडचा मॉनिटर रिकामाच होता. आणि तिथं आमचं नाव लागलं की माझं तोंड बंद होणार हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते.

मी आईला समजावून सांगितलं. ही पाटी लागली की तो मॉनिटर जाणार, बाकीचे त्यानंच गेलेत.

"बाकीच्यांच्यावर हाईच की," आई म्हणाली. "का आमच्याच नावानं मरतंय ते?"

लहान पाटी करूया असं मी सुचवलं. ती म्हणाली, त्यांच्याएवढीच पाहिजे, तसूभर कमी नको. वर्षानुवर्षं कमी घेतलेल्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की आताही थोडं कमीच घे.

पाटी झाली. आईनं कैलासवासी लिहू दिलं नाही, आमच्यात म्हणतात तसं 'कालकथित' लिहायला लावलं, आणि बाकीच्यांच्या नावाखाली 'व्यापारी' होतं तिथं आप्पांच्या नावाखाली 'तंबाखू कामगार'. खाली कानडीतही तेच. ती पांढरी साडी नेसून आली होती. अण्णांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि हसले. मी स्क्रू पिळले. आईनं आधी मराठी वाचलं, मग तिला न येणाऱ्या कानडी अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. मग तिनं दार थोडं पुढं ओढलं, नाव उघडं पडावं म्हणून. वाऱ्यानं ते पुन्हा मागं गेलं.

त्यानंतर ती बाजारच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन शाळेत यायची, दाराआडच्या स्टुलावर घटकाभर बसायची आणि उठून जायची. काही आठवडे तो मॉनिटर चालला. मग तोही डोळे मिचकावू लागला. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती, बाहेरून परीक्षक येणार होते, आणि चालणाऱ्यांपैकी त्यातल्या त्यात भरवशाचा असा तोच एक उरला होता. एका बाजारच्या दिवशी आई आत आली तेव्हा त्याचा पडदा काळा झाला होता आणि दोन मुली उठून दुसरीकडं जात होत्या.

काय झालं, तिनं विचारलं. मी काही लपवलं नाही. नुसतं सांगूनही भागलं नसतं. मी तिचा हात धरून आप्पांच्या पाटीवर टेकवला. पाटी चांगलीच तापली होती. तिनं हात काढला नाही. आत कोंडतंय, बाहेर पडायला जागा नाही, म्हणून असं होतं, मी म्हटलं.

मला वाटलं, ती रडेल. आप्पांचा शेवटचा काळ मला आठवत होता. वखारीत चाळणीचं काम चालू असताना भुकटी उडून जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्यायचे. मालकांचा माल वाचायचा. आप्पांच्या छातीत भरायचा. शेवटी ते उशाला टेकून बसूनच झोपायचे, आणि आई रात्रभर खिडकी उघडी ठेवायची, थंडीतसुद्धा.

"खिडक्या लावून मारला तेला," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता तेचंच नाव लावून ह्येचा वारा कोंडायचा व्हय? काढ ती पाटी. न्हाय पायजे आमाला तसलं नाव."

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. मुलांनी जाऊन सांगितलं असावं, मुख्याध्यापक धापा टाकत आले. अण्णांना विचारल्याशिवाय पाटीला हात लावता येणार नाही, ठराव झालेला आहे, असं म्हणू लागले. आईनं त्यांच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आप्पा असते तर नमस्कार करून बाजूला झाले असते.

"अण्णाला काय इचारायचंय?" ती म्हणाली. "नवरा माजा हुता."

मुख्याध्यापक कक्षातल्या पंख्याकडं बघत उभे राहिले. मी चारी स्क्रू काढले. पाटीखालच्या फटींतून गरम झळ माझ्या बोटांना लागली.

त्याच दिवशी मी तो मॉनिटर घरी नेऊन त्याच्या फुगलेल्या डब्या बदलल्या. परीक्षा त्याच्यावर झाली, पाळीपाळीनं, आणि परीक्षकांनी काही विचारलं नाही. पुढच्या सभेत मी पुन्हा तेच म्हटलं. आमच्या घरचं नाव होतं, ते आम्ही काढलं, आता तुमचं बोला. अण्णा म्हणाले, घरात विचारून सांगतो. घरातली माणसं पुण्याला आहेत, कोल्हापूरला आहेत, एक परदेशात आहे, त्यांना विचारणं अजून चाललंय. दुसरे एक सभासद म्हणाले की पाटी काढली तर त्यांच्या आईला वाईट वाटेल. माझ्या आईला वाटलं नसेल, असं ते धरूनच चालले होते.

आता बाकीचे मॉनिटर एकामागून एक पुरते गेलेत. एकही दुरुस्त होण्यासारखा नाही. पण कुणी ते हलवत नाही. ओळीत आहेत तसेच आहेत, पाठी दाराकडं करून, आठवड्यातून एकदा शिपाई पाट्या पुसतो. पाहुणे येतात, दारातून लखलखीत नावं वाचतात, दोन्ही भाषांत वाचतात, समाधानानं मान हलवतात आणि चहाला जातात. पलीकडं जाऊन पडदा बघावा असं अजून एकाही पाहुण्याला वाटलेलं नाही. मध्यंतरी नवीन मॉनिटर घ्यायचं ठरलं. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय होता, पाट्यांची जागा.

वर्ग दाराआडच्या त्या एका मॉनिटरवर चालतो. मुली त्याच्याभोवती दाटीवाटीनं बसतात आणि भांडत भांडत शिकतात. त्याच्या पाठीला चार रिकामी भोकं आहेत. पूर्वी तिथं कुणाचं नाव होतं हे त्यांना माहीत नाही, आणि मी सांगत नाही.

पाटी घरी आहे. मी ती भिंतीला लावते म्हटलं, तर आईनं लावू दिली नाही. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी वाऱ्यानं सारखी आपटून बंद होते. आईनं ती पाटी खिडकीच्या फटीत उभी अडकवली आहे, आता खिडकी मिटत नाही.